फिल्म निघते, गोंद निघत नाही

आमची स्विफ्ट २००९ च्या जूनमधली. गाडी दारात आली त्याच आठवड्यात अप्पांनी तिला काळी फिल्म मारून घेतली. त्या काळी सांगलीत काळ्या काचा नसलेली गाडी म्हणजे एकतर डॉक्टरची, नाहीतर मास्तरची, असं त्यांचं मत. मार्केट यार्डात हळदीची अडत, तीस वर्षं स्कूटरवर काढलेली, त्यामुळे पहिल्या गाडीत त्यांना कसलीच कसर ठेवायची नव्हती. मागच्या काचेवर बाहेरून रेडियमची अक्षरंही आली: ‘आईची पुण्याई’.

मग २७ एप्रिल २०१२ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला. नियम तसा आधीपासूनच होता. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला शंभरावा नियम सांगतो की पुढच्या-मागच्या काचेतून निदान ७० टक्के उजेड आरपार गेला पाहिजे आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के. न्यायालयाने पुढे जाऊन सांगितलं की टक्के कितीही असोत, काचेवर काळी फिल्म चिकटवायचीच नाही. पुष्पराज चौकात आम्हाला एकदा अडवलं, पुढच्या दोन दारांची फिल्म तिथेच उभ्या उभ्या ओरबाडून काढली. मागची दोन दारं आणि डिकीची काच तशीच राहिली. “मागं कोण बघतंय?” अप्पा म्हणाले, आणि खरंच बारा वर्षं कुणी बघितलं नाही.

बघण्यासारखं तिथे काही राहिलंही नव्हतं. स्वस्त फिल्मचा काळा रंग म्हणजे रंगवलेलं प्लास्टिक. उन्हाने त्यातला एकेक रंग उडत जातो आणि शेवटी जांभळा तेवढा टिकून राहतो. आमची मागची काच पुरती वांग्याच्या रंगाची झाली होती. वर गोंद सुटून आप्प्यांएवढे फुगे आलेले. रात्री रिव्हर्स घेताना मागचा माणूस दिसायचा नाही, नुसता जांभळा उजेड हलायचा. मी खिडकीतून मुंडकं बाहेर काढून गाडी मागे घ्यायचो. बायको म्हणायची, बैलगाडी हाकल्यासारखं दिसतं.

२०२४ च्या जूनमध्ये गाडीला पंधरा वर्षं भरणार होती. म्हणजे नोंदणीचं नूतनीकरण, पंचवीस नंबरचा फॉर्म, ५००० रुपये फी, वर पर्यावरण कर, आणि गाडी प्रत्यक्ष नेऊन दाखवायची. एजंटने गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, “बाकी सगळं ओके आहे साहेब, ती मागची जांभळं तेवढी काढा. परत पाठवतील.”

शंभर फुटी रस्त्यावर एका काचवाल्याकडे गेलो. त्याने २२०० सांगितले. मागच्या काचेवर आतून त्या तपकिरी आडव्या रेषा असतात ना, डिफॉगरच्या, म्हणजे तापून काचेवरचं धुकं घालवणाऱ्या, त्यांच्यावरून बोट फिरवत म्हणाला, “ह्यातली एकादी तुटली तर आपली जबाबदारी नाही.” जबाबदारी माझीच असेल तर २२०० कशाला द्यायचे? हा हिशेब मला दुकानातच सुचला आणि तो मला पटला. पुढचे चार दिवस त्या हिशेबाला मी किती शिव्या घातल्या ते सोडा.

सात मेला मतदान झालं आणि गल्लीतला भोंग्यांचा आवाज एकदाचा थांबला. त्या शनिवारी सकाळी सातला, ऊन चढायच्या आत, मी डाव्या मागच्या दारापासून सुरुवात केली. हत्यारं: नखं, आणि दाढीचं एक ब्लेड. कोपरा सुटला. फिल्म हातात धरून ओढली आणि सर्रकन आख्खा पापुद्रा माझ्या हातात आला. पारदर्शक! जांभळा रंग होता तिथेच काचेवर. फिल्म म्हणजे एक थर अशी माझी समजूत. निघाले दोन: वर ओरखडे पडू नयेत म्हणून स्वच्छ प्लास्टिक, खाली रंगाचा थर, आणि त्याच्या पाठीला गोंद. पंधरा वर्षांच्या उन्हाने वरच्या दोघांचं नातं तुटलेलं, खालच्याचं काचेशी मात्र घट्ट झालेलं. रंगाचा थर नखाने काढायला गेलो तर नखाएवढाच तुकडा यायचा. तासाभरात पोस्टाच्या तिकिटांएवढे तुकडे साठले आणि काच देवी आलेल्या तोंडासारखी दिसायला लागली.

एव्हाना सल्लागार जमले. शेजारच्या काकांनी व्हरांड्यातूनच सांगितलं, “पेट्रोलचा बोळा फिरव, लोण्यासारखं निघतंय.” पेट्रोलने गोंद विरघळतो यात काही खोटं नाही. पण बंद गाडीत पेट्रोलची वाफ भरायची, आणि शेजारी विजेवरचं काहीतरी चालू ठेवायचं? शिवाय खिडकीचं रबर आणि दाराचं प्लास्टिक त्याने खराब होतं ते वेगळंच. फोनवरच्या व्हिडिओत एक गोरा गृहस्थ अमोनिया फवारत होता, तोंडाला मास्क लावून. त्या वासाने पाच मिनिटं गाडीत बसता आलं नसतं. तेही बाद.

खरा उपाय आला स्वयंपाकघरातून. आई चहा घेऊन बाहेर आली, काचेकडे बघितलं आणि म्हणाली, “नव्या भांड्यावरचं स्टिकर कधी काढलं नाहीस वाटतं.” मी म्हटलं, त्याचा इथे काय संबंध? “अरे, पातेलं पालथं घालून क्षणभर गॅसवर धरायचं. स्टिकर आपसूक सुटतं, गोंदासकट. गार पातेल्यावर नखं लावत बसलं की निम्मं चिकटूनच राहतं, मग त्यावर काळं बसतं.” लग्नापासून तिने किती भांडी अशी गॅसवर धरली असतील देव जाणे. मी मात्र वर्कशॉपमध्ये उष्णतेने चिकट पदार्थ मऊ होतात हे शिकलेला माणूस, आणि गार काच खरवडत बसलो होतो.

आता काच गॅसवर धरता येत नाही. पहिला प्रयोग मुलीच्या हेअर ड्रायरचा. चालतो, पण तळहाताएवढीच जागा तापते आणि पुढे सरकावं तर मागची गार होते. दहाच्या सुमाराला वीज गेली, मग तोही विषय संपला. अर्ध्या तासाने वीज आली तेव्हा बायकोने कपाटातून वाफाऱ्याचं मशीन काढून दिलं. सर्दीला घेतो ते, मेडिकलमधलं, निळं झाकण, पुढे नाकावर धरायचा तोटा. मी हसलो. पंधरा मिनिटांनी हसू गेलं, कारण सबंध कामात त्या सर्दीच्या मशीनएवढं दुसरं काहीच उपयोगी पडलं नाही.

कसं ते जरा सविस्तर सांगतो, कारण इथेच माझं सगळं चुकत होतं. काच आधी बोटभर खाली घ्यायची, म्हणजे फिल्मची वरची कड रबरातून मोकळी होते. दाराच्या पॅडवर, विशेषतः काचेच्या बटणांवर, जाड टॉवेल अंथरायचा. आत पाणी गेलं तर फिल्मच्या नादात बटणं बदलावी लागतील. मग तोटा काचेपासून दोन बोटं लांब धरून वरच्या कडेवरून सावकाश फिरवायचा. एका जागी रोखून धरायचा नाही. गार काचेला एकाच ठिकाणी चटका बसला तर काच तडकते म्हणतात. बाजूच्या काचा टफन असतात, त्या गेल्या की चुरा होऊन जातात. मला प्रयोग करून बघायचा नव्हता. मिनिटभराने कड मऊ पडते, पापडाच्या लाटीसारखी. ती एका हाताने धरून ओढायची. ओढायची म्हणजे, अगदी हळू. तव्यावरच्या भाकरीचा पापुद्रा न फाडता उचलतात तेवढी हळू. फिल्म ज्या रेषेवर काचेपासून सुटते आहे, बरोबर त्या रेषेवर वाफ हवी. एका हाताने ओढ, दुसऱ्याने वाफ, दोघांची चाल एक. हात पुढे पळाला की टर्रकन फाटते आणि गोंद मागे राहतो. वाफ पुढे पळाली तर फुकट.

उजव्या दाराची फिल्म मी अशी एका तुकड्यात काढली, गोंदासकट. पंचवीस मिनिटं लागली. डाव्या दाराला, जिथे मी सकाळी नखं चालवली होती, तिथे पुढे अडीच तास गेले.

गोंदाबद्दल बोलायलाच हवं. फिल्म निघाली की काम झालं असं बघणाऱ्याला वाटतं. अप्पा खुर्ची टाकून बसले होते, तेही म्हणाले, “झालं की.” डाव्या काचेवर बोट टेकवलं तर बोट निघेना. उन्हात तिरपं बघितलं तर पूर्ण काचभर चिंचेच्या कोळासारखा राखाडी थर, त्यात पंधरा वर्षांपूर्वी फिल्म मारताना अडकलेले दोन केस, आणि एक डास. अख्खा डास, पाय पसरलेला.

त्यावर मी जवळजवळ सगळंच करून बघितलं. साबणाच्या पाण्याने गोंद हलत नाही, पण ब्लेड घसरतं ठेवायला ते हवंच. कोरड्या काचेवर ब्लेड चालवलं की ओरखडा पडलाच म्हणून समजा. ब्लेड हातात धरायचं नाही हे माझ्या अंगठ्याने शिकवलं. गणपती पेठेतून मूठवाला स्क्रॅपर आणला, मग बरं झालं. तो फक्त पुढे ढकलायचा. मागे ओढताना ब्लेडखाली वाळूचा कण सापडला तर काचेवर कायमची रेघ. ढकलायचा, उचलायचा, पुसायचा, परत ढकलायचा. खोबरेल लावून दहा मिनिटं ठेवलं तर गोंद फुगतो आणि बोटाने चोळला की त्याच्या गोळ्या होऊन येतात. आईची पुढची सूचना, डब्यांवरच्या किमतीच्या चिठ्ठ्यांच्या अनुभवातून. निलगिरीच्या तेलाने त्याहून लवकर. पण तेल लावलं की ते काढायला पुन्हा भांड्यांचा साबण. सगळ्यात स्वच्छ काम मेडिकलमधल्या सर्जिकल स्पिरिटने झालं: चारी दारं उघडी, ड्रायर आणि वाफारा बंद करून लांब ठेवलेले, आणि फडकं ओलं करून थोडी थोडी जागा. स्पिरिट उडून जायच्या आत पुसलं नाही तर विरघळलेला गोंद तिथेच पुन्हा बसतो. हे कळायलाही एक फडकं वाया गेलं. अप्पांचं जुनं धोतर होतं ते. त्याची वेगळी बोलणी खाल्ली.

रविवार मागच्या काचेचा.

ही काच उतरती. आत मागच्या सीटची पाठ पाडून उताणं झोपायचं आणि नाकासमोर काच. वाफाऱ्याचं पाणी उलटून अंगावर येतं, त्यामुळे त्याचा इथे उपयोग नाही. इथे मी ऊन वापरलं. मे महिन्यातलं सांगलीचं ऊन, फुकट आणि हवं तेवढं. कचऱ्याची मोठी काळी पिशवी कापून काचेच्या मापाची केली, बाहेरून काचेवर साबणाचं पाणी फवारून ती चिकटवली, आतून फिल्मवरही साबणाचं पाणी फवारून दुसरी पिशवी लावली, आणि गाडीची पाठ दक्षिणेकडे करून अकरा ते एक उन्हात ठेवली. काळं प्लास्टिक ऊन पितं, काच तापते, आतलं पाणी वाळत नाही, गोंद शिजत राहतो. एक वाजता हात लावला तर चटका बसला. आतली पिशवी काढली, कोपरा उचलला आणि ती वांगी रंगाची फिल्म पुरणपोळीवरचा कागद सुटावा तशी सुटायला लागली.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवलेली बरी: रेषा आडव्या आहेत, तर ओढायचंही आडवंच, रेषांच्या बरोबरीने. डिफॉगरच्या रेषा म्हणजे काचेत पुरलेल्या तारा नव्हेत. चांदी असलेला लेप काचेच्या आतल्या बाजूला छापून भाजलेला असतो आणि त्यातून वीज गेली की तो तापतो. फिल्म थेट त्याच्यावरच चिकटलेली. वरून खाली ओढलं तर प्रत्येक रेषेवर आडवा झटका. आणि ब्लेड तर इथे नावालासुद्धा नको.

मी आडवं ओढलं. घामाच्या धारा डोळ्यात जात होत्या, तरी ओढत राहिलो. तीन चतुर्थांश काच एका दमात झाली. तेवढ्यात बाहेरून अप्पांचा आवाज.

“अरे थांब! आई निघाली!”

मला वाटलं आई कुठे बाहेर निघाली. डिकी उघडून बघतो तर काचेवर ‘आईची पुण्याई’मधला ‘ई’ वरून सुटून पुढे लवलेला. बाहेरची पिशवी काढताना ओल्या, तापलेल्या रेडियमचा गोंदही शिजला होता. ‘आ’ अजून चिकटलेला, ‘ची’ची वेलांटी तिरकी. अप्पा एका हाताने ‘ई’ काचेवर दाबून उभे, पंच्याहत्तरीचा माणूस, टळटळीत दुपारी, टोपी न घालता. ही त्यांची आई, माझी आजी. गाडी घेतली त्याच्या आदल्या वर्षी गेली. मी म्हटलं, “अप्पा, नवीन करून आणतो की उद्या.” ते म्हणाले, “तुझं तू बघ आत. मी धरलंय.” आणि काच गार होईपर्यंत, चांगला वीस मिनिटं, त्यांनी ते अक्षर अंगठ्याने दाबून ठेवलं. ते आजही किंचित तिरपं आहे. बदलू देत नाहीत.

या सगळ्या गडबडीत माझं लक्ष उडालं आणि उजव्या कोपऱ्यात उरलेल्या फिल्मच्या एका पट्टीला मी स्क्रॅपर लावला. एकदाच. फक्त कोपरा उचलण्यापुरता. खरवडल्याचा आवाजसुद्धा आला नाही. फडक्याने पुसलं तेव्हा दिसलं: खालून तिसऱ्या रेषेत, केसाएवढी फट. दुपारपासून चाळीस वेळा ‘ब्लेड नको’ असं स्वतःला बजावत होतो.

मल्टिमीटर लावून बघितला. डिफॉगर चालू करून रेषेच्या एका टोकाला काटा ठेवला आणि दुसरा सरकवत नेला. धड रेषेत व्होल्टेज हळूहळू बदलत जातं, माझ्या रेषेत फटीपाशी एकदम उडी. म्हणजे तुटलीच. अशा फटीवर लावायचा चांदीचा रंग मिळतो, चिकटपट्टीने दोन्ही बाजू झाकून मधे थेंबभर लावायचा. मी तो मागवला, लावला, आणि माझा हात थरथरला. आता फट नाही, त्या जागी एक चंदेरी ठिपका आहे आणि रेषा तापत नाही ती नाहीच. जुलैत कोल्हापूरला जाताना पावसात काच धुरकटली, डिफॉगर लावला, सगळी काच पुसल्यासारखी स्वच्छ झाली आणि मधे बोटभर रुंदीचा एक पांढरा पट्टा तसाच. मागे बसलेल्या आत्याला अप्पांनी तो दाखवला. त्यानंतर गाडीत बसलेल्या प्रत्येकाला दाखवतात.

काचेच्या कडेला जे काळे ठिपके असतात, मोठ्याचे बारीक होत गेलेले, त्यांच्यामधे बसलेला गोंद अजून तिथेच आहे. जुन्या टूथब्रशने आणि स्पिरिटने एक वीत जागा साफ केली आणि बाकीची सोडून दिली. जवळ नाक नेल्याशिवाय दिसत नाही. काचेपाशी नाक नेणारे आमच्याकडे एकच आहेत.

एकूण चार सकाळी, कारण गोंदासाठी पुढचा शनिवार-रविवारही गेला. फिल्म काढायला त्यातला थोडाच वेळ गेला, बाकी सगळा वेळ गोंदाचा.

पासिंगला गाडी नेली. साहेबांनी बॉनेट उघडायला लावलं, चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासली, उठलेले आकडे पुस्तकाशी ताडून बघितले, हॉर्न वाजवायला सांगितला, दिवे लावायला सांगितले. मी मुद्दाम मागच्या बाजूला, काचेपाशी उभा होतो. त्यांनी काचेकडे बघितलंसुद्धा नाही.

आई आता मागे बसली की उन्हाच्या बाजूला ओला नॅपकीन खिडकीत अडकवते. पूर्वी बरं होतं, म्हणते. एका परीने बरोबरच आहे तिचं. काच जांभळी होती, पण दुपारी मानेवर ऊन येत नव्हतं.

सप्टेंबरात एके सकाळी अप्पांनी पेपर माझ्यासमोर आपटला. केरळ उच्च न्यायालयाने म्हटलं होतं की शंभराव्या नियमात आता बदल झालाय, १ एप्रिल २०२१ पासून त्यात ‘सेफ्टी ग्लेझिंग’ आलंय, म्हणजे प्लास्टिकचा थर असलेली काचही चालते, तेव्हा मापात बसणारी फिल्म लावली म्हणून दंड करता येणार नाही.

“बघ,” ते म्हणाले, “उगाच काढलीस.”

“अप्पा, खाली वाचा. मागे ७० टक्के, बाजूला ५० टक्के. आपल्या फिल्ममधून उजेड तरी जात होता का?”

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पेपर पुन्हा उचलला. थोडा वेळ वाचल्यासारखं केलं.

“रेष तर तुटलीच ना पण,” म्हणाले, आणि पान उलटलं.